सिव्हिलमधून थेट वर्दीत: मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधलं पहिलं वर्ष

आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळलेल्या नर्सला मिलिटरी हॉस्पिटलात रुजू झाल्यावर सलाइन कशी लावायची हे कुणी शिकवावं लागत नाही. तिची पंचाईत होते ती दुसरीकडेच. समोरून येणाऱ्या माणसाच्या खांद्यावर काय आहे, त्याला काय म्हणायचं, कोणत्या रजिस्टरवर आपली सही लागते आणि त्या सहीने आपल्या गळ्यात नेमकं काय पडतं, यातलं काहीच नर्सिंग कॉलेजात शिकवलेलं नसतं. घरात कुणी फौजी नसेल तर हे सगळं एकदम अंगावर येतं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच मुली दरवर्षी या वाटेकडे बघतात, म्हणून पहिल्या वर्षात जे कळायलाच हवं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी प्रवेशाचं थोडक्यात. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये, म्हणजे एमएनएसमध्ये, जायला दोन दरवाजे आहेत. पहिला बारावीनंतरचा. ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा दिल्यावर लष्करी नर्सिंग कॉलेजात चार वर्षांचं बी. एस्सी. नर्सिंग करायचं. अशी सहा कॉलेजं आहेत. त्यातली दोन आपल्याकडे आहेत, पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात, आणि कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या हॉस्पिटलात. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलीच्या अंगात चार वर्षांत फौजी वळण मुरलेलं असतं. दुसरा दरवाजा शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या अधिकारीपदाचा. बाहेर बी. एस्सी., पोस्ट बेसिक किंवा एम. एस्सी. नर्सिंग केलेल्या आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या स्त्रियांसाठी तो असतो. २०२३ च्या जाहिरातीत वयाची अट २१ ते ३५ होती आणि लेखी परीक्षा एनटीएने (नॅशनल टेस्टिंग एजन्सीने) जानेवारी २०२४ मध्ये संगणकावर घेतली. त्यापुढे मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. हा लेख या दुसऱ्या दरवाजातून येणाऱ्यांसाठी आहे.

निवड झाली की सगळ्यात आधी कागद लागतात, आणि मराठी मुलींचा घोळ हमखास नावात होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं. लग्न झालं असेल तर कौन्सिलच्या नोंदणीत माहेरचं आडनाव आणि बँकेत सासरचं. सिव्हिलमध्ये असं चालून जातं. इथे तुमचं कमिशन, पगार, विमा आणि भविष्य निर्वाह निधी एकाच नावावर उभे राहतात, त्यामुळे एका अक्षराच्या फरकानेही फाईल परत येते. बदल राजपत्रात छापून घ्यायचा असेल तर ते काम निवडीच्या निकालाची वाट न बघता अर्ज भरतानाच सुरू करा. कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरणही चालू ठेवा.

वैद्यकीय तपासणीत बाद होण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. वजन जास्त, हिमोग्लोबिन कमी, कानात मळ, दातांची दुरुस्ती राहिलेली. यातलं बरंचसं तीन महिन्यांत सुधारता येतं. तात्पुरतं अनफिट ठरवलं तर अपील मेडिकल बोर्डाची सोय असते. मुदत त्याच कागदावर लिहिलेली असते, ती चुकवू नका. आणि आजार लपवू नका. जुनी शस्त्रक्रिया, फिट्स, दमा यांबद्दल खोटी माहिती दिल्याचं नंतर उघड झालं तर प्रश्न आरोग्याचा राहत नाही, खोट्या निवेदनाचा होतो.

पगाराचंही आधीच समजून घ्या. लेफ्टनंटचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगात ५६,१०० रुपयांपासून सुरू होतो. त्यावर एमएनएससाठी महिना १०,८०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे आणि इतर भत्ते. अधिकाऱ्यांचा पगार पुण्याच्या पीसीडीए (ओ) कार्यालयातून निघतो. तुमचं खातं तिथे उघडून पहिली पगारपत्रक येईपर्यंत वेळ जाऊ शकतो, आणि नेमका त्याच काळात वर्दी शिवणं, बूट, मेसचं बिल आणि प्रवास असा खर्च येतो. दोन महिने चालतील एवढे पैसे जवळ ठेवून निघा. पगारपत्रक आली की प्रत्येक कपात वाचा. रुजू झाल्याची, रजेची, बदलीची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून येते आणि त्यावरच पगार हलतो. नोंद छापली गेली नसेल तर भत्ता येत नाही, किंवा जास्त आलेला पैसा वर्षभराने एकदम कापला जातो. छापलेल्या प्रत्येक पार्ट टू ऑर्डरची प्रत आपल्या फाईलमध्ये ठेवणारीला पुढे त्रास होत नाही.

खांदा वाचायला शिका

पहिल्या आठवड्यात पाठ करायची गोष्ट म्हणजे हुद्दे. तुम्ही लेफ्टनंट म्हणून रुजू होता, खांद्यावर दोन स्टार. कॅप्टनला तीन, मेजरला अशोकस्तंभ, लेफ्टनंट कर्नलला अशोकस्तंभ आणि एक स्टार, कर्नलला अशोकस्तंभ आणि दोन, ब्रिगेडियरला अशोकस्तंभ आणि तीन. इथवर सोपं आहे. गोंधळ होतो तो सुभेदाराशी, कारण त्याच्याही खांद्यावर दोनच स्टार असतात. फरक खांद्यावरच्या आडव्या रंगीत पट्टीत असतो. ती पट्टी दिसली की समोरचा जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. नायब सुभेदाराला पट्टी आणि एक स्टार, सुभेदाराला पट्टी आणि दोन, सुभेदार मेजरला पट्टी आणि अशोकस्तंभ. बाहीवर व्हीसारख्या फिती दिसल्या तर एक म्हणजे लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार.

पोस्टिंग अश्विनीसारख्या नौदलाच्या हॉस्पिटलात झाली तर आणखी एक गोष्ट. नौदलातला कॅप्टन हा आपल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो आणि आर्मीचा कॅप्टन नौदलाच्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा. फोनवर कुणी ‘कॅप्टन अमुक बोलतोय’ म्हणालं तर तो कोणत्या दलाचा हे कळल्याशिवाय आवाजातला सूर ठरवू नका.

जेसीओंना अधिकारीसुद्धा ‘साहब’ म्हणतात. वीस-पंचवीस वर्षांची नोकरी झालेल्या सुभेदाराला तेवीस वर्षांच्या लेफ्टनंटने नुसतं नावाने हाक मारली तर तो तोंडाने काही बोलणार नाही, पण वॉर्डातलं वातावरण त्या दिवसापासून बदलतं. जवान आणि रुग्ण तुम्हाला ‘सिस्टर’ म्हणतील किंवा ‘मॅडम’. दोन्ही आदराचेच आहेत, त्यात मानापमान शोधू नका. सॅल्यूट आला तर लगेच आणि नीट उत्तर द्या. हातात ट्रे असेल तर थांबून ‘जय हिंद’ म्हणा. दुर्लक्ष करून पुढे जाणं मात्र फौजेत उद्धटपणा समजला जातो.

वॉर्डात तुमच्या हाताखाली एएमसीचे, म्हणजे आर्मी मेडिकल कोअरचे नर्सिंग असिस्टंट असतात. त्यातले काही फील्डमध्ये राहून आलेले असतात. टूर्निकेट त्यांनी खऱ्या रक्तावर बांधलेलं असतं. वॉर्ड मास्टर तर त्या वॉर्डाचा चालताबोलता इतिहास. नव्या अधिकारी दोन टोकांच्या चुका करतात. एक, हुद्द्याचा धाक दाखवून प्रत्येक गोष्टीत आपलंच खरं करणं. दुसरी चूक जास्त धोकादायक आहे: सगळं त्यांच्यावर सोडून फक्त सह्या करत बसणं. औषधाचा डोस, रक्त देण्याआधीची पडताळणी, ऑपरेशनआधीची ओळख पटवणं ही कामं नर्सची आहेत, आणि अनुभवी हवालदाराने ‘मॅडम, मैंने देख लिया’ म्हटलं तरी ती तुमच्या डोळ्यांखालून गेलीच पाहिजेत. माझ्या मते योग्य वाट ही की सामान, माणसं आणि रीतीभाती याबद्दल त्यांना मोकळेपणाने विचारावं, आणि क्लिनिकल निर्णयात तितक्याच मोकळेपणाने आपली जबाबदारी घ्यावी. सुधारणा करायची असेल तर ती एकट्यात सांगा. ज्याच्या हाताखाली दहा जवान आहेत त्याला त्यांच्यासमोर बोललं तर ते दहाही तुमच्यापासून तुटतात.

वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने लिहायची. दुपारचे दीड म्हणजे १३३०, रात्रीचे साडेबारा म्हणजे ००३०. घोळ होतो तो मध्यरात्रीच्या आसपास. ‘सोमवारी रात्री बारानंतर उपाशी’ असं कुणी तोंडी सांगितलं तर तो सोमवार कोणता, याची खात्री तारीख आणि चार आकडे लिहूनच होते.

सहीपूर्वी मोजा

वॉर्डाचा ताबा घेताना जो कागद समोर येतो त्याला सगळे हँडिंग-टेकिंग ओव्हर म्हणतात. त्यात वॉर्डातली एकूणएक वस्तू असते: मॉनिटर, इन्फ्युजन पंप, सक्शन, बीपी ॲपरेटस, ऑक्सिजनचे रेग्युलेटर, पलंग, ब्लँकेट, चादरी, अगदी किडनी ट्रेसुद्धा. ही सरकारी मालमत्ता आहे आणि सही केली की तिचा हिशेब तुमच्याकडे. जाणाऱ्या सिस्टरची गाडी संध्याकाळची असते, ती घाईत असते, लेजर बरोबर आहे म्हणते, आणि संकोचापोटी सही होते. सहा महिन्यांनी साठा तपासणारं बोर्ड मोजायला येतं आणि दोन पंप सापडत नाहीत. एक दुरुस्तीला गेलेला असतो पण पावती नसते, दुसरा शेजारच्या वॉर्डाने उसना नेलेला.

म्हणून किमान एक पूर्ण दिवस मागून घ्या. यंत्रं सिरियल नंबरने जुळवा, नुसत्या संख्येने नाही. चालू करून बघा. दुरुस्तीला गेलेल्या प्रत्येक वस्तूची पावती आणि उसन्या दिलेल्या वस्तूची लेखी पोच ताब्यात घ्या. चादरी मोजताना धोब्याकडे गेलेल्या त्यात धरा. जे कमी आहे त्याची यादी करून दोघींच्या सह्या घ्या आणि ती मेट्रनकडे, म्हणजे हॉस्पिटलच्या नर्सिंग प्रमुखांकडे, त्याच दिवशी द्या. त्याच दिवशी दिलेली यादी मागच्यांची तूट ठरते, महिन्याने दिलेली तुमची.

औषधांच्या कपाटाचं तर याहून कडक. मॉर्फिन, पेथिडिन, फेंटॅनिल कुलपात असतं, त्याला जुन्या डेंजरस ड्रग्ज ॲक्टवरून डीडीएचं कपाट म्हणतात, आणि किल्ली ड्युटीवरच्या सिस्टरच्या अंगावर असते. खिळ्याला नाही, टेबलाच्या खणात नाही. पाळी बदलताना दोघींनी मिळून उघडायचं. एकीने रजिस्टरमधली शिल्लक वाचायची, दुसरीने अँपुल हातात घेऊन मोजायचे. हातात घेऊन अशासाठी की खोक्यात उभी केलेली अँपुल वरून शाबूत दिसते, तळाला चीर जाऊन रिकामी झालेली असते. बॅच नंबर आणि मुदतही तेव्हाच बघायची. दिलेल्या प्रत्येक डोसची नोंद रुग्णाचं नाव, नंबर, हुद्दा, युनिट, डोस, वेळ, डॉक्टरचा लेखी आदेश आणि दोन सह्या अशी हवी. अर्धा अँपुल वापरला तर उरलेला अर्धा साक्षीदारासमोर टाकून तेवढंच लिहायचं. रिकाम्या काचा जपून ठेवायच्या, कारण नवीन साठा त्या दाखवल्यावरच मिळतो. खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक रेघ मारून जुना आकडा वाचता येईल असं ठेवून शेजारी बरोबर आकडा आणि सही. मोजणी जुळली नाही तर मागच्या पाळीची सिस्टर वॉर्ड सोडत नाही आणि बातमी लगेच वर जाते. ‘सकाळी बघू’ हे इथे चालत नाही.

रुग्ण जे बोलत नाही ते

सिव्हिलमधून आलेल्या नर्सला सगळ्यात जास्त शिकावं लागतं ते या विषयात. तुमचा रुग्ण बहुतेक वेळा वीस ते पस्तिशीतला धडधाकट माणूस असतो. शरीर मजबूत असल्यामुळे रक्तस्राव होऊनही बीपी बराच वेळ टिकून राहतं आणि मग एकदम कोसळतं. बीपी चांगलं आहे म्हणून निश्चिंत राहू नका. नाडी चढतेय का, हातपाय गार पडताहेत का, लघवी तासाला ३० मिलीच्या खाली गेली का, माणूस चुळबुळ करतोय का, हे आधी कळतं.

त्यातून तो दुखणं सांगत नाही. कारण नुसतं मर्दानगीचं नाही. फौजेत प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी ठरलेली असते, तिला शेप म्हणतात: मानसिक स्थिती, कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे. पाचही ठीक तर शेप वन. त्यातलं एखादं खाली आलं तर तो लो मेडिकल कॅटेगरी होतो आणि बढती, कोर्स, बाहेरची पोस्टिंग यांवर परिणाम होऊ शकतो. गुडघा सुजलेला जवान ‘ठीक है सिस्टर’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात पुढच्या महिन्यातला प्रमोशन कॅडर, म्हणजे बढतीसाठीचा कोर्स, असतो. म्हणून दहापैकी किती दुखतंय असं विचारून थांबू नका. खोकून दाखवायला सांगा, कुशीवर वळायला सांगा, पायरी चढायला लावा, रात्री झोपला का ते नाइट ड्युटीच्या नोंदीत बघा. चेहरा काय सांगतो ते त्याच्या शब्दांपेक्षा खरं असतं.

उलट, कुणी तक्रार वाढवून सांगतोय असं वाटलं तरी नोंदीत ‘नाटक करतो’ अशा अर्थाचं एक अक्षर लिहू नका. जे दिसलं ते लिहा: ‘१६०० वाजता पाठ वाकवून बूट घातले, १६३० वाजता पाठ हलत नाही असं सांगितलं.’ निष्कर्ष डॉक्टरचा.

कमांडंटची किंवा सीओंची (कमांडिंग ऑफिसरची) राउंड असली की आदल्या दिवशी पोट उघडून शिवलेला जवानसुद्धा सावधान व्हायला बघतो. टाके ताणतात, ड्रेन निघतो. राउंड दारात यायच्या आधीच प्रत्येक पलंगापाशी जाऊन ‘लेटे रहो, उठना नहीं है’ असं स्पष्ट सांगून ठेवा. अधिकाऱ्याने सांगितलं तरच तो ऐकतो, आणि ती अधिकारी तुम्ही आहात.

नोंदींचं वजनही इथे निराळं असतं. जखम झाली कशी, कुठे, कधी, ड्युटीवर की रजेवर, यावर त्या माणसाचे हक्क आणि त्याच्यामागे त्याच्या बायकापोरांची पेन्शन ठरते. त्यासाठी जखमेचा रिपोर्ट आयएएफवाय २००६ या फॉर्मवर होतो, गरज पडली तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसते, आणि तुमच्या पहिल्या नर्सिंग नोटची प्रत त्यात जाते. हॉस्पिटलात दाखल होताना जवान जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, वेळेसह लिहा. ‘पडला’ आणि ‘पेट्रोलिंग करताना बर्फावरून घसरून पडला असं रुग्ण सांगतो’ यातला फरक दहा वर्षांनी एखाद्या घराला भोगावा लागू शकतो.

प्रकृती चिंताजनक असेल तर डॉक्टर रुग्णाला एसआय किंवा डीआय लिस्टवर घेतात. पहिली गंभीर आजाऱ्यांची, दुसरी जिवाला धोका असलेल्यांची. लिस्टवर घेतलं की युनिटला आणि घरी निरोप जातो. अशा वेळी सगळ्यात जास्त नडतं ते घरच्यांचा जुना पत्ता आणि बंद पडलेला फोन नंबर. म्हणून दाखल करून घेताना रुग्ण शुद्धीत असतानाच सगळ्यात जवळच्या नातेवाइकाचं नाव, गाव, तालुका आणि चालू नंबर त्याच्याकडून पुन्हा विचारून घ्या. युनिटमधून फोन आला तर आजाराची माहिती परस्पर देऊ नका, डॉक्टरशी जोडून द्या. हुद्दा कितीही मोठा असो.

मानसोपचार वॉर्डात जवान युनिटकडून येतो तेव्हा सीओंचा अहवाल एएफएमएसएफ-१० या फॉर्मवर सोबत असतो. तो वाचा, पण तो वाचून मत बनवून पलंगाकडे जाऊ नका. तो युनिटच्या नजरेतून लिहिलेला असतो. जवानाचं म्हणणं वेगळं ऐकून वेगळं लिहा. घरचा जमिनीचा वाद, कर्ज, रजा न मिळणं, ही कारणं तो डॉक्टरच्या पाच मिनिटांत सांगत नाही, रात्री दोन वाजता पाणी मागताना सांगतो.

गोळीच्या आणि स्प्लिंटरच्या (स्फोटातल्या तुकड्यांच्या) जखमांबद्दल एक गोष्ट आधीच कळली तर घाबरायला होणार नाही. या जखमा पहिल्या ऑपरेशनमध्ये साफ करून मुद्दाम उघड्या ठेवतात. आत माती, कापडाचे धागे आणि मेलेला स्नायू असतो, वरून शिवलं तर आत पू आणि गॅस गँगरीन. जखम स्वच्छ राहिली तर साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी शिवतात. तोवर रोज पट्टी सोडून बघायची सिव्हिलमधली सवय आवरा. पट्टी ऑपरेशन थिएटरमध्येच (ओटी) उघडायची. पण वास वेगळा आला, नाडी अचानक वाढली, दिसणाऱ्या जखमेच्या मानाने दुखणं फारच जास्त असलं किंवा कातडीखाली कुरकुर लागली, तर तासाचाही उशीर नको. पायाची बोटं तुम्ही हलक्या हाताने वर ओढल्यावर पोटरीत असह्य कळ आली तर कंपार्टमेंट सिंड्रोमचा, म्हणजे स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटण्याचा, संशय घ्या. घोट्याजवळची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, ती शेवटपर्यंत लागू शकते.

उंचावर पोस्टिंग आली तर

लेहसारख्या ठिकाणी, सुमारे ११,५०० फुटांवर, पोस्टिंग झाली तर पहिला रुग्ण तुम्ही स्वतः असता. आर्मीचा नियम असा: ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस सवय करून घ्यायची, पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, नंतर दोन दिवस सपाटीवर चालणं, मग दोन दिवस थोडा चढ. १२,००० ते १५,००० पर्यंत आणखी चार दिवस आणि त्यावर पुन्हा चार. वॉर्डात माणसं कमी आहेत म्हणून दुसऱ्याच दिवशी ड्युटीवर उभं राहणारी नर्स कुणाच्या उपयोगाची नसते. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप लागत नाही, हे लपवू नका.

तिथला नेहमीचा जीवघेणा आजार म्हणजे हापो, फुप्फुसात पाणी भरणं. बहुतेक वेळा पोहोचल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, आणि अनेकदा रात्री वाढतो. रजेवरून विमानाने परतलेला जुना जवानही त्यात सापडतो, कारण ‘मला सवय आहे’ असं त्याला वाटत असतं. सुरुवात कोरड्या खोकल्याने आणि नेहमीच्या चढाला लवकर दम लागण्याने होते. बसल्याबसल्या धाप आणि गुलाबी फेस हा फार पुढचा टप्पा. पल्स ऑक्सिमीटर लावताना बोट आधी गरम करा, गारठलेल्या बोटावर यंत्र खोटा आकडा दाखवतं. तिथे धडधाकट माणसाचंही सॅच्युरेशन नव्वदीच्या आसपास असतं, म्हणून एकट्या आकड्यावर न जाता सोबत्यांशी तुलना करा. ऑक्सिजन, डोकं उंच करून पूर्ण विश्रांती, ऊब, आणि डॉक्टरच्या आदेशाने निफेडिपिन. संडासला चालत जायचं नाही, बेडपॅनच. खाली नेणं हा खरा उपाय, आणि हवामानामुळे तो अडला तर दाब वाढवायची पिशवी, तिला हापो बॅग म्हणतात.

खाली नेताना ऑक्सिजनचं गणित स्वतः करा. बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १,५०० लिटर असतो. मिनिटाला ४ लिटर दिला तर ३७५ मिनिटं, म्हणजे सव्वासहा तास. गेज अर्ध्यावर असेल तर तीन तास. रस्ता चार तासांचा असेल तर आठ तासांचा साठा घ्या, कारण घाटात गाडी अडकते. पाना आणि एक जादा वॉशर सोबत हवाच, वॉशरशिवाय भरलेला सिलिंडरही निरुपयोगी.

हिमदंशाचा पाय आला की आजूबाजूचे लोक चोळायला आणि बुखारीजवळ, म्हणजे खोली गरम करायच्या शेगडीजवळ, धरायला धावतात. दोन्ही थांबवा. चोळल्याने आतले बर्फाचे कण पेशी फाडतात, आणि बधिर पाय आगीजवळ भाजला तरी कळत नाही. पुन्हा गोठण्याचा धोका संपलेला असेल तेव्हाच वितळवायचं. मोठ्या टबात ३७ ते ३९ अंशांचं पाणी, थर्मामीटरने मोजलेलं, कोपराने नाही. पाय टबाच्या कडेला टेकता कामा नये. पाणी गार होत जातं, गरम पाणी घालताना पाय बाहेर घ्या आणि ढवळून पुन्हा मोजा. साधारण अर्धा तास, कातडी मऊ आणि लालसर होईपर्यंत. वितळताना वेदना भयंकर असतात, म्हणून वेदनाशामक आधीच द्यायचं. नंतर बोटांमध्ये कापूस, पाय उंच, रक्ताचे फोड फोडायचे नाहीत, सिगारेट पूर्ण बंद. काळं पडलेलं बोट कापायचं की नाही हे ठरायला कित्येक आठवडे जातात, कारण जिवंत आणि मेलेल्या भागातली रेघ हळूहळू उमटते. जवान रोज विचारतो. ‘अजून कळत नाही’ हेच खरं उत्तर आहे, आणि ते रोज तितक्याच शांतपणे द्यावं लागतं.

वॉर्डाबाहेरचं

पीटी आणि ड्रिल चुकत नाही. बोलावणं येण्याआधी तीन महिने रोज पळायला सुरुवात करा, आणि नवे लेदरचे बूट घरीच घालून फिरा, नाहीतर पहिल्या आठवड्यात टाचेच्या फोडांनी ड्युटी अवघड होते. मोबाइलचे नियम पहिल्या दिवशी विचारून घ्या. वॉर्डातला, गेटचा, रुग्णाचा फोटो कुठेही टाकायचा नाही, वर्दीतला स्वतःचाही विचारूनच. घरच्यांना बदलीची बातमी सांगताना जागा आणि तारीख व्हॉट्सॲपच्या गटावर फिरणार नाही असं बजावून सांगा.

लग्नाबद्दल गावाकडे अजून जुने समज आहेत. लग्न केलं म्हणून एमएनएसच्या अधिकाऱ्याला घरी पाठवण्याची तरतूद असलेली १९७७ ची सूचना १९९५ मध्येच मागे घेतली गेली, आणि त्या सूचनेखाली १९८८ मध्ये काढून टाकलेल्या एका अधिकाऱ्याला ६० लाख रुपये द्यायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. घरच्यांनी विषय काढला तर हे सांगा. आणि सोबत हेही की याच सेवेतल्या जी. ए. राम १९७६ मध्ये मेजर जनरल झाल्या, भारतीय सैन्यात त्या हुद्द्यावर पोहोचलेल्या पहिल्या स्त्री.

हॉस्पिटलात पोहोचल्याच्या दिवशी मेट्रनना रिपोर्ट करताना सोबत मूळ कागद, प्रत्येकाच्या पाच-सहा प्रती, पासपोर्ट आकाराचे वीसेक फोटो, कौन्सिलचं प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक, सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ आणि एक जाड वही ठेवा. वहीत पहिल्या पानावर ड्युटी मेडिकल ऑफिसर, ब्लड बँक, ओटी, मेट्रन ऑफिस आणि वॉर्ड मास्टर यांचे एक्स्चेंजचे नंबर लिहून घ्या. रात्री लाइट गेल्यावर डायरेक्टरी शोधत बसायला वेळ नसतो.